एका आवाजावर दोन घरं

शेजारच्या तिवारींच्या घरातून "गया, गया" असा एकच गलका झाला तेव्हा आमच्या टीव्हीवरचा बोलर अजून धावायलाही लागला नव्हता. पँटीवर चेंडू घासत निवांत उभा होता. हे हातात शेंगदाण्याची वाटी घेऊन सोफ्याच्या कडेवर आलेले, आणि गलका ऐकून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच मधे काहीतरी बोलले. मी आपली खाली बसून मेथी निवडत होते. मग बोलर धावला, चेंडू टाकला, आणि मधली दांडी उडाली. ह्यांनी वाटी टीपॉयवर ठेवून दिली. शिळी बातमी कळल्यासारखं तोंड झालं त्यांचं. "तिवारीला आधी कसं कळतं?" ते म्हणाले. मी म्हटलं, त्यांच्याकडे डिश आहे, आपल्याकडे तुमच्या लेकाचं फायबर आहे, त्यालाच विचारा. आमचे हे, अनंतराव, इथल्या मोठ्या कारखान्यात जन्मभर टर्बाइनं जुळवत बसलेले. चार केसांइतका फरक पडला तर अख्खं चाक खाली उतरवणारा माणूस. असल्या माणसाला रविवारी दुपारी आपल्याच घरात मॅच शिळी मिळते, हे कसं सहन व्हायचं? त्यांनी तिथल्या तिथे हैदराबादला निखिलला फोन लावला, आणि निखिलने लहान मुलाला समजवावं तसं समजावलं. "बाबा, डिशचं सरळ वरून येतं. नेटवरून येतं ते तुकडे तुकडे करून येतं. आपला डबा आधी थोडे तुकडे साठवतो आणि मग दाखवायला लागतो, म्हणजे मधेच अडकत नाही. अर्धं मिनिट मागे चालणारच." पंगतीत वाढपी आधी बादली भरून घेतो आणि मगच पानावरून फिरतो, तसंच हे, असं मला वाटलं, आणि त्यात मला काही गैर दिसेना. बादली रिकामी घेऊन फिरणाऱ्यापेक्षा बरं. पण हे म्हणाले, "अर्धं मिनिट म्हणजे काय थोडं झालं?" आणि फोन ठेवून ते चपला घालून तिवारींकडे निघून गेले, ताजी मॅच बघायला. मी हसले. आणि हसता हसता मेथीची काडी हातात तशीच राहिली. अर्धं मिनिट मागे. मग ताई काहीच कशी बोलली नाही?

ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण, कमलिनी. नागपूरला राहते, भाऊजी गेल्यापासून एकटी, त्याच जुन्या घरात, पुढे तुळस आणि मागे लिंबाचं झाड. मी लग्न होऊन भोपाळला आले त्याला आता एवढी वर्षं झाली की माझ्या मराठीत निम्मी हिंदी शिरली. भाजीवाल्याशी बोलता बोलता ह्यांच्याशीही "क्या भाव लगाया" करते मी. आधी कारखान्याचं क्वार्टर, मग अयोध्या नगरातलं हे घर. सगळीकडे शेजार चांगला मिळाला, पण मराठी मालिका कोणाबरोबर बघायची? तिवारीण बाई मायाळू आहे, पण तिला मधे मधे सांगावं लागतं की ही त्याची सख्खी आई नाही, आणि तोवर पुढचं सगळं हुकतं. म्हणून संध्याकाळी सात वाजता मी ताईला फोन लावते, फोन स्पीकरवर टाकून टीव्हीपुढच्या स्टुलावर उभा करते, आणि तिकडे ताई तीच मालिका लावून बसते. सुरुवातीला दोन्ही टीव्हींचे आवाज एकमेकांत घुसायचे. मालिकेतल्या सासूचं वाक्य तिकडून, तेच इकडून, डोकं भणाणून जायचं. मग ताईनेच तोड काढली. तिच्या टीव्हीचा आवाज पूर्ण बंद. चित्र तिचं तिच्याकडे, आवाज माझ्याकडून फोनवरून. "तुझा टीव्ही खणखणीत आहे, एका आवाजावर दोन घरं चालतील," ती म्हणाली होती. आणि चालली. तेव्हा आमच्याकडेही डिश होती. फोनमुळे आवाज एवढासा मागे पडायचा, माझ्या लक्षातही आला नसता, पण ताईच्या नजरेतून काही सुटेल तर शपथ. "विजू, हिचे ओठ आधी हलतात गं, बोलणं मागून येतं," ती कितीतरी दिवस कुरकुरत होती. ती कुरकुर मला तोंडपाठ आहे. ताई जेवायला बसली की आधी मिठाची खोड काढते. फुकटचा पेढा दिला तरी म्हणेल, खवा जरा जास्त भाजलाय.

आणि आता फायबर येऊन दिवाळी गेली, थंडी पडली. इतके दिवस रोज संध्याकाळी तिच्या टीव्हीवर माणसं आधी रडून मोकळी होतात आणि त्यांचं रडणं अर्ध्या मिनिटाने माझ्याकडून तिच्यापर्यंत पोचतं. सून दाणदाण पावलं टाकत खोलीतून निघून जात असेल आणि रिकाम्या खोलीत सासूचं बोलणं चाललेलं असेल. हे काय बघण्यासारखं झालं? कोणीही म्हणालं असतं, बाई, काहीतरी बिघडलंय. आणि ताई, जी केसाएवढ्या फरकावरून महिनाभर कुरकुरली, ती एक अक्षर बोलली नाही. मी मेथीची जुडी पुढ्यात घेऊन तशीच बसून राहिले. खिडकीतून तिवारींच्या घरातली मॅच ऐकू येत होती, ह्यांचा आवाज त्यात सगळ्यांच्या वर. आमच्या टीव्हीवर तीच मॅच अर्धं मिनिट मागून चालू होती. मी म्हटलं, तीही फायबरवर गेली असेल. पण छे, गेल्याच आठवड्यात ती सांगत होती, माकडांनी डिश वाकवली, वरच्या भाडेकरूने सरळ करून दिली. मग म्हटलं, विणकाम करत बसत असेल, बघतच नसेल. मग म्हटलं, वय झालं, कुरकुर कमी झाली असेल. हे शेवटचं मला पटावं असं मला फार वाटत होतं, म्हणूनच ते पटेना. माणूस सत्तरीत मवाळ होतो म्हणतात. ताई नाही होणार. आणि मग एकेक गोष्ट वर यायला लागली. हल्ली ती व्हॉट्सॲपवर लिहीत नाही, बोलून पाठवते. मला वाटलं, नवीन हौस. यंदाच्या लिंबाच्या लोणच्यात बिया होत्या. ताईच्या लोणच्यात बी! मी ते ह्यांना हसत हसत सांगितलं होतं, म्हणाले, लिंबं जास्त असतील. उन्हाळ्यात निखिलच्या मुलाच्या बारशाला हैदराबादला गेलो तेव्हा जिन्यावरून उतरताना तिने माझा दंड धरला होता, आणि हॉलमध्ये शिरल्यावरही सोडला नव्हता, आणि लोक समोर आले की ते आधी बोलेपर्यंत ती नुसती हसत राहायची. माझी ताई, जिने आयुष्यात कोणाच्या आधाराने चार पावलं टाकली नाहीत, ती माझा हात धरून चालतेय म्हणून मला किती बरं वाटलं होतं. मला वाटलं, माया. असेलही माया. पण नुसती माया नव्हती. आणि साड्या. मालिकेतल्या बायकांच्या साड्यांवर ताई बोलली नाही असा दिवस गेला नसेल. हिला पोपटी शोभत नाही, तिने काठाचं ब्लाऊज चुकीचं घातलं, घरात स्वयंपाक करताना कोणी एवढी जरीची नेसतं का. ते बोलणं कधी थांबलं? मला आठवेना. एखादं घड्याळ बंद पडतं आणि दोन दिवसांनी लक्षात येतं की टिकटिक नाही, तसं झालं माझं.

लहानपणी मला गोवर निघाला होता. तेव्हा डोळ्यांना उजेड लागू नये म्हणून आईने माजघराच्या खिडकीला जाड चादर लावली आणि माझ्या डोळ्यांवर ओला पंचा ठेवला. सीताबर्डीच्या मागच्या गल्लीतलं घर आमचं. मी रडून उच्छाद मांडला असणार, कारण आईने ताईला माझ्या उशाशी बसवलं. ताई चादरीच्या फटीतून बाहेर बघायची आणि मला सांगत राहायची. कुल्फीवाला चाललाय. देशपांड्यांची म्हैस सुटली, मागे देशपांडे धावतायत, त्यांच्या धोतराचा सोगा सुटलाय. आता हत्ती आला. खरा हत्ती, सर्कशीचा, कपाळावर गुलाबी रंगाची नक्षी, सोंडेत ऊस. मी विचारायची, आता कुठे गेला? ती म्हणायची, वळला. उद्या येईल. रोज हत्ती यायचा. बरी झाल्यावर मी शाळेत सगळ्यांना सांगितलं आणि पोरी फिदीफिदी हसल्या, की आमच्या गल्लीत हत्ती शिरणारच कसा, गल्ली केवढी, हत्ती केवढा. मी घरी येऊन ताईशी भांडले. ती शांतपणे म्हणाली, "तुला दिसला की नाही?" दिसला होता. आजही दिसतो. गुलाबी नक्षीसकट. त्या अंधाऱ्या खोलीतले दिवस माझ्या आयुष्यातले फार सुखाचे दिवस आहेत, गोवर अंगावर असताना. हे कोणाला सांगितलं तर हसतील. पण सुख कुठे कुठे सापडतं ह्याचा काही नियम नाही. इथे अयोध्या नगरात गच्चीवर वाळवण घातलेलं असतं, कारखान्याचा भोंगा वाजतो, ह्यांच्या चहाची वेळ झालेली असते, आणि उगाचच वाटतं, सगळं ठीक आहे. तसंच रोज सातला वाटतं. टीव्ही लागला, फोन लागला, ताईने "हं, बसले गं" म्हटलं, की दिवस जागच्या जागी बसतो. ते हातचं जाईल ह्याची मला त्या दुपारी भीती वाटली. आधी त्याचीच वाटली. तिच्या डोळ्यांची काळजी मागून आली, अर्ध्या मिनिटाने म्हणा, पण ती जास्त मोठी होती. कारण तिचा गिरीश पुण्यात चौदाव्या मजल्यावर राहतो. चांगला मुलगा आहे, आईवर जीव आहे, आणि म्हणूनच त्याला कळलं तर तो पहिल्या गाडीने येईल, घराला कुलूप लावेल आणि तिला घेऊन जाईल. ताई मला कितीदा म्हणाली आहे, विजू, त्या घरात खिडकी उघडली की आभाळच दिसतं गं, माणूस दिसत नाही. तुळशीला पाणी घालायला तिला डोळे लागत नाहीत. चौदाव्या मजल्यावर तिला सगळ्यालाच डोळे लागतील.

हे सोमवारी सकाळी उठल्या उठल्या म्हणाले, "डिश परत लावून घेऊ. तिवारी चिडवतो मला. काल म्हणाला, भाईसाहब, आपके यहाँ तो कल का अखबार आता है." मी म्हटलं, थांबा जरा. त्यांना सगळं सांगितलं नाही. हे मनाने चांगले आहेत, पण त्यांच्या पोटात गोष्ट राहत नाही. फॉल्ट सापडला की रिपोर्ट करायचा ही त्यांची जन्माची सवय, गिरीशला फोन गेलाच असता. दिवसभर मी कामं करत राहिले आणि सगळ्यात मीठ जास्त पडलं. मला वाटत होतं की सरळ विचारावं. बहीण आहे, विचारायला काय हरकत? आणि मग वाटायचं की तिने एवढ्या कष्टाने जे लपवलंय ते मी ओढून काढायचं, ते कशाला? पण लोणच्यातल्या बिया आज आहेत, उद्या गॅस राहील उघडा. मीही अशी अर्धवट, की एकदा वाटायचं विचारायचं, एकदा वाटायचं नाही. कणिक मळता मळता दोन्ही ठरवून झालं. सात वाजता टीव्ही लावला, फोन स्टुलावर ठेवला. हे आत वर्तमानपत्र घेऊन बसले. ताईचा आवाज आला, "हं, बसले गं." तसाच, खणखणीत.

मालिकेत त्या दिवशी सुनेचा भाऊ बऱ्याच वर्षांनी परत यायचा होता. पावसाची रात्र दाखवली होती, तो बाहेर ओट्यावर भिजत उभा, आणि ती आत, दाराशी. नुसतं संगीत. कोणी बोलत नव्हतं. एरवी अशा जागी मीच बोलत असते. आत्ता लक्षात आलं, मी किती बोलत असते. "बाई बाई, भिजलाय नुसता," "बघ कशी उभी आहे ठोंब्यासारखी." मालिका बघताना गप्प बसणं माझ्याने होत नाही, आणि त्यावरून निखिल मला रेडिओ म्हणायचा. त्या संध्याकाळी मी ओठ घट्ट मिटून घेतले. संगीत वाजत राहिलं. मग ताई म्हणाली, "विजू? गप्प का झालीस? काय चाललंय?"

मला एकदम रडू यायला लागलं. म्हटलं, "ताई, आमचा टीव्ही मागे चालतो गं. नेटवरून येतो ना, अर्धं मिनिट मागे. काल कळलं. तुझ्याकडे आधी दिसतं. तूच सांग ना, ती दार उघडते का?"

फोनवर तिचा श्वास ऐकू येत होता, आणि मागे कुठेतरी कुकरची शिट्टी, वरच्या भाडेकरूंची असावी. माझ्या टीव्हीवर ती बाई अजून दाराशीच. कडीवर हात ठेवलेला, डोळ्यांत पाणी. तेवढ्यात ताई म्हणाली, "नाही उघडत." अगदी ठामपणे. "वळली ती. आत गेली. आता देवापुढे बसलीय."

आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या बाईने कडी काढली, दार उघडलं, आणि भाऊ आत आला. तिने त्याच्या ओल्या डोक्यावरून पदर फिरवला. मी ते बघत होते आणि मला ताई दिसत होती, चादरीच्या फटीला डोळा लावून बसलेली. मी म्हटलं, "हो गं. नाही उघडलं. देवापुढे बसली."

मग ताई हसली. तिचं हसणं आधी नाकातून येतं आणि मग घशातून, तसं हळूहळू आलं. "खोटारडी," ती म्हणाली. "उघडलं की तिने. कडीचा आवाज आला मला तुझ्याकडून."

मी फोन स्टुलावरून उचलला आणि कानाला लावला. टीव्ही चालूच होता, भाऊबहीण रडत होते, रडू देत. "कधीपासून?" मी विचारलं. "होऊन गेलं वर्ष," ती म्हणाली. "मधोमध राखेचा गोळा बसल्यासारखा आहे, विजू. कडेकडेने दिसतं. दार दिसतं, पायरी दिसते, लिंबं दिसतात. तोंड दिसत नाही कोणाचं. टीव्ही लावतेच मी, उजेड हलतो तो बरा वाटतो. बाकी तू सांगतेसच की सगळं." मी म्हटलं, डॉक्टरला दाखवलं का? एकदा दाखवलं होतं, रिक्षाने एकटीच गेली होती. तो म्हणाला, नियमित यावं लागेल, इंजेक्शनं घ्यावी लागतील, गेलं ते येईलच असं नाही, आहे ते राखता येईल, बरोबर कोणीतरी आणा. ती बरोबर कोणाला नेणार? म्हणून परत गेलीच नाही. हे ऐकून मला तिचा असा राग आला. मी म्हटलं, अक्कल गहाण ठेवलीस का, मी मेले होते का, आणि आणखी बरंच बोलले. ती ऐकून घेत होती. आमच्या जन्मात हे पहिल्यांदा घडलं असेल, की मी बोलतेय आणि ताई ऐकून घेतेय. मग ती म्हणाली, "गिरीशला सांगशील?" तिचा आवाज तेव्हा बारीक झाला होता. मी म्हटलं, "मी नाही सांगणार. तू सांगायचंस. मी ह्याच आठवड्यात येते, आपण दोघी डॉक्टरकडे जाऊ, आणि तिथून बाहेर पडलं की तू फोन करायचास, मी शेजारी बसेन. आणि तो न्यायचं म्हणाला तर मी त्याच्याशी बोलेन. तुळशीचं कोण बघणार, विचारीन त्याला. दर खेपेला तुझ्याबरोबर मी येईन. सहा तास गाडीत बसायला मला काय होतं?" ती म्हणाली, "आणि अनंतरावांचं जेवण?" मी म्हटलं, "तिवारीकडे मॅच बघतात, तिथेच जेवतील." ती पुन्हा हसली, नाकातून. "बरं," म्हणाली. ताई बरं म्हणाली की झालं, त्यावर कागद करावा लागत नाही.

आतून हे आले, टीव्हीपुढे उभे राहिले. माझे डोळे बघून त्यांना काय वाटलं कोण जाणे. "डिशवाल्याला उद्या बोलावतो," ते समजूत काढल्यासारखं म्हणाले, "म्हणजे तुमचं आणि ताईंचं जुळेल." मी मानेनेच नको म्हटलं. आमचं जुळलेलं होतं. ते गोंधळून उभे राहिले, मग माझ्या शेजारी बसले, आणि कधी नाही ते ती मालिका बघायला लागले. मी फोन परत स्टुलावर ठेवला.

"काय चाललंय आता?" ताई म्हणाली.

मी सांगायला लागले. दार उघडंच आहे, पाऊस आत येतोय, भाऊ पाटावर बसलाय, पाट ओला झालाय. ती त्याला चहा करून आणते. चहात आलं घातलंय, किसणी बाजूलाच पडलीय. भिंतीवर कॅलेंडर आहे, त्याचं पान मागच्याच महिन्यावर आहे, बहुतेक विसरलेत. मला एवढं कधी दिसलंच नव्हतं. मी बोलत होते आणि सगळं जास्त जास्त दिसत होतं. हे मधेच म्हणाले, "सासू आलीय बघ मागे," आणि मी तेही सांगितलं. मला वाटलं, आता ह्यांच्या मागून हत्ती आला तरी मी सांगेन आणि ताईला तो दिसेल. पण हत्ती नको होता. जे होतं तेच पुष्कळ होतं.

"साडीचा रंग सांगत नाहीस तू कधी," ताई म्हणाली.

मी नीट पाहिलं. खोटं सांगण्यात आता अर्थ नव्हता. "बिस्किटी आहे," मी म्हटलं. "काठ तपकिरी."

"तरीच," ताई म्हणाली. "तिला बिस्किटी मुळीच शोभत नाही. मी मघापासून म्हणणारच होते."